ब्रॉयलर लंगडतायत – उन्हाने वाढणारं स्ट्रेस प्रोटीन कारण असेल का?

हिंगणा_शेड: 24 दिवसांची बॅच, 3000 पक्षी. शंभरात चार-पाच लंगडतात, हॉकवर (पायाच्या घोट्याच्या सांध्यावर) बसून राहतात, पण दाणा-पाणी जवळ असलं तर खातात. पाण्यातून कॅल्शियम आणि डी3 पाच दिवस दिलं, काही फरक नाही. खाद्य घरीच दळतो. नागपूरच्या उन्हाने स्ट्रेस प्रोटीन वाढतात आणि त्याने नडगी बिघडते असं वाचलं. खरं का? त्यावर औषध आहे का?

पशुवैद्य_विदर्भ: भाऊ, आधी हाड चिरून पाहा. चार लंगडे आणि तुलनेला दोन धडधाकट पक्षी घ्या. नडगीचं गुडघ्याकडचं टोक साफ करून धारदार सुरीने उभं चिरा. चांगल्या पक्ष्यात वाढपट्टी, म्हणजे हाड जिथून वाढतं तो थर, बारीक, सरळ रेघेसारखी दिसते. त्या रेघेखाली हाडात घुसलेली पांढरी, अपारदर्शक, पाचरीसारखी कूर्चा (मऊ, हाड न झालेला भाग) दिसली तर टीडी, म्हणजे टिबियल डिसकॉन्ड्रोप्लाझिया, नडगीत कूर्चा साचण्याचा विकार. अख्खी पट्टीच जाड आणि चोच रबरासारखी वाकत असेल तर मुडदूस. कॅल्शियम, फॉस्फरस, डी3 कामी येतं ते तिथे. मांडीच्या हाडाचं डोकं ओढताच तुटलं, आत पिवळट भुगा निघाला तर जंतूंची बाधा. स्वतः जमत नसेल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शवविच्छेदनाला न्या, सकाळी मेलेला ताजा पक्षी न्या.

कूर्चा_पेशी: प्रोटीनचं उत्तर देतो. तुम्ही म्हणता त्या स्ट्रेस प्रोटीनना एचएसपी म्हणतात, त्यांचे प्रकार अनेक. उन्हाचं माप म्हणून पाहतात ते मुख्यतः एचएसपी 70. टीडीत मात्र बिघडलेल्या वाढपट्टीतच वेगळं, एचएसपी 90 वाढलेलं सापडतं. निरोगी पट्टीत कूर्चापेशी फुगतात, रक्तवाहिन्या आत शिरतात, मग तिथे हाड बनतं. टीडीत रक्तवाहिन्या पोचतच नाहीत, म्हणून कूर्चा साचत जाते. प्रयोगांत एचएसपी 90 रोखल्यावर रक्तवाहिन्या पुन्हा शिरल्या आणि लंगडणं कमी झालं. पण ती द्रव्यं प्रयोगशाळेतली आहेत, शेडमध्ये देण्याजोगं औषध नाही. त्या नावाने कोणी बाटली विकली तर घेऊ नका. उन्हाचा एक धागा मात्र खरा आहे: धापेवर उतारा म्हणून अमोनियम क्लोराइड देतात, आणि जास्तीचं क्लोराइड टीडी वाढवतं. उन्हासाठी काही देत असाल तर त्याच्या पाकिटावरचे घटक वाचा.

दाणा_मिल: घरी दळता ना? मग मका तपासा. हे प्रयोग करताना टीडी मुद्दाम घडवतात तो थायरमने, किलो खाद्यात 40 ते 100 मिलिग्रॅम. थायरम म्हणजे बियाण्याला चोळायचं बुरशीनाशक. 75 टक्क्यांची पावडर किलोला 3 ग्रॅम लावली असेल तर एका किलो बियाण्यात सव्वादोन ग्रॅम थायरम आलं. असं 18 किलो बियाणं टनभर खाद्यात मिसळलं की किलोमागे 40 मिलिग्रॅम झालेच! पेरणी संपली की उरलेलं बियाणं स्वस्तात निघतं, तिथेच घात होतो. पांढऱ्या कापडावर मूठभर मका ओल्या हाताने चोळा. कापड गुलाबी झालं तर ते पोतं बाजूला. रंग फिका पडलेला असू शकतो, म्हणून प्रत्येक पोत्यातून तीन-चार ठिकाणचा दाणा घ्या.

हिंगणा_शेड: दोन पोत्यांनी कापड गुलाबी केलं. नडगीतही पाचर दिसली.

पशुवैद्य_विदर्भ: त्या पोत्यांतून दळलेलं सगळं खाद्य आजच काढा, भांडी घासा. थायरम थांबल्यावर सौम्य पाचर पुष्कळदा भरून येते, वाकलेला पाय सरळ होत नाही. पक्षी बाजारात देऊ नका. खाद्याचा नमुना तपासायला द्या, अहवाल येईपर्यंत थांबा.

दाणा_मिल: पुढच्या बॅचला स्टार्टरमध्ये (पिल्लांच्या सुरुवातीच्या खाद्यात) कॅल्शियम आणि उपलब्ध (पक्ष्याला पचणारं) फॉस्फरस 2:1 ठेवा. फॉस्फरस चढला तर टीडीच वाढतो. आणि दुसऱ्या आठवड्यात रोज सहा तास अंधार द्या, वाढ जरा आवरली की नडगीला उसंत मिळते.