सल्ला हवा : दापोलीच्या किनाऱ्यावर चार दिवस सायकल, तळ कुठे ठोकावा?

चढउतार
मंडळी, डिसेंबरात आम्ही तिघे पुण्याहून दापोलीकडे निघतोय. सायकली गाडीच्या रॅकवर. रोज बिऱ्हाड पाठीवर घेऊन पुढचं गाव गाठायचं नाहीये. एकाच जागी तंबू लावायचे, सकाळी हलक्या सायकलीने निघायचं, चाळीस ते साठ किलोमीटर फिरून अंधाराआत परत. दोन तंबू आमचेच आहेत. डोक्यात तीन जागा आहेत : दापोली गावाच्या आसपास, मुरूड-कर्दे किनारा किंवा अंजर्ले. आमच्यातला एक अठ्ठावन्नचा आहे आणि त्याचा डावा गुडघा कुरकुरतो. तळ कुठे टाकावा?

भाकरतुकडा
कर्दे. डोळे मिटून. सकाळी तंबूतून बाहेर डोकं काढलं की समोर समुद्र.

जांभादगड
समुद्र दिसेल हो, पण सायकलवाल्याने आधी रस्ता बघावा, दृश्य नंतर. मी एकदा फोटो बघून एका जागी फसलोय (नाव घेत नाही). तंबू झकास होते, पण डांबरी रस्ता दीडेक किलोमीटर आधीच संपला. पुढे जांभ्याची सुटी खडी आणि शेवटी पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. रोज दोन वेळा सायकल खांद्यावर. रात्री बारापर्यंत गाणी, आणि नाश्ता नऊनंतर. नऊ वाजता कोकणात सायकल काढली की अकराला घामाची आंघोळ!

आता तुमच्या जागा. दापोली सुमारे ८०० फुटांवर, सड्यावर (वरच्या पठारावर). तिथून कुठेही निघा, सकाळी मजेत उतार आणि दमल्यावर दुपारच्या उन्हात चढ. गुडघा असलेल्या माणसाला ही शिक्षाच. वाटा मात्र चहूबाजूंनी फुटतात, बाजार आहे, सायकलचं काही मोडलं तर धावपळ करता येते. (अवांतर : इंग्रजांच्या लष्करी छावणीमुळे जुनी माणसं अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात. तेव्हा तंबूची परंपरा तशी जुनीच!)

मुरूडला उलटं. चढ सकाळी, ताज्या पायांनी, आणि परतताना सायकल आपोआप घरी. शिवाय मुरूडहून तीन वाटा निघतात, म्हणून माझं मत तिकडे. उत्तरेला सालदुरे, पाजपंढरी, हर्णै, खाडीवरच्या पुलावरून अंजर्ले, आडे आणि केळशी. एका बाजूने तिसेक किलोमीटर. दक्षिणेला कर्दे, लाडघर, बुरोंडी, कोळथरे, दाभोळ. आणि वर आसूदवरून दापोली. एकही दिवस तोच रस्ता दोनदा तुडवायला नको. अंजर्ल्यात ही सोय कमी. दापोली किंवा दाभोळकडे निघालात की पहिले काही किलोमीटर रोज तेच.

नकाशात 'किनारी रस्ता' वाचून सपाट समजू नका. खाडी आली की उतार, ओलांडली की चढ. चाळीस किलोमीटरमध्ये साठचा दम निघतो.

सडेकर
वरच्याशी अर्धा सहमत. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, तंबू नकोच. खारा वारा आणि रेती चेनमध्ये गेली की दुसऱ्या दिवशी करकर सुरू. रस्त्यालगतची एखादी वाडी बघा, जिथे विहिरीचं गोडं पाणी आहे. संध्याकाळी चेनवर दोन तांबे ओतायचे, फडक्याने पुसायची, तेलाचे चार थेंब. आणि माडाखाली तंबू लावू नका! नारळ सोडा, सुकलेली झावळी पडली तरी तंबूची काठी मोडते. कलमांच्या बागेत जागा मिळाली तर सोनं, फक्त दव फार पडतं.

चढउतार
गुडघेवाल्या मित्राला ओल्या पुळणीवरून सायकल चालवायची हौस आहे. जमेल?

सडेकर
ओहोटीला जमेल, पुळण घट्ट असते. वेळ काढायला आमच्याकडचा हिशेब : तिथीची पाऊणपट केली की भरती किती वाजता ते कळतं, ओहोटी त्याच्या सहाएक तास आधी किंवा नंतर. अष्टमीला भरती सहाच्या सुमारास, म्हणजे सकाळचा बेत बाद, बाराला या. पुनवेला किंवा अवसेला भरती सव्वाअकराच्या आसपास, म्हणजे पहाटे पाच-साडेपाचला किनारा मोकळा. थोडं मागेपुढे धरा. आणि नंतर सायकल धुवा, आळस करू नका.

भाकरतुकडा
दाभोळला जाणार असाल तर फेरीने धोपाव्याला उतरून गुहागरही होईल ना?

जांभादगड
फेरीबोट सायकल घेते, पण त्याच दिवशी मुरूडला परत म्हणजे घाईच. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य बुडतो आणि कोळथऱ्याच्या वळणांवर अंधारात उतरायला नको. गुहागर करायचंच तर तळ हलवा. नाहीतर त्या दिवशी आसूदच्या केशवराजापर्यंत जा, सायकली वर रस्त्यालगत कुलूप लावून ठेवा, पायऱ्या उतरून ओढ्यावरचा साकव (छोटा पूल) ओलांडा आणि पलीकडे देवळापर्यंत चढा. गुडघ्याला तेवढं पुरे. परतताना हर्णैला संध्याकाळचा मासळीचा लिलाव बघा.

फोनवर मालकाला चारच गोष्टी विचारा. डांबर अगदी फाटकापर्यंत आहे का? सहाला चहा मिळेल का? सायकली रात्री पडवीत घेता येतील का? शनिवारी स्पीकर लावता का? चौथ्याला 'थोडासाच' असं उत्तर आलं तर दुसरीकडे फोन करा.

चढउतार
मुरूड-कर्दे रस्त्यावर एक वाडी मिळाली. मावशी म्हणाल्या, "सहाला कशाला, साडेपाचला चूल पेटलेली असते. घावणे खाऊनच निघा." सायकली पडवीत. स्पीकर नाही, कुत्रा आहे. शेवटचा प्रश्न : ब्रेक पॅडची एक जास्तीची जोडी पुरेल ना?

सडेकर
प्रत्येक सायकलला एक. आणि कुत्र्यासाठी बिस्किटं.