पत्रिकेबरोबर रक्ताचा रिपोर्टही मागायचा का?

शहापूरची लेक:
मामेबहिणीचं लग्न ठरतंय. मुलगा पुण्यात कंपनीत, घर निपाणीकडचं. छत्तीसपैकी सव्वीस गुण जुळले, हॉल बघून झाला, मानपानाची बोलणीही उरकली. मी एवढंच म्हटलं, की दोघांचीही एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी अशी तपासणी करून घेऊया. मामीच्या हातातलं लाटणं तिथंच थांबलं. "पोरीवर संशय घेतलीस व्हय गं?"

माझं म्हणणं असं. वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर उंची, रक्तगट, देवक, पगार, शेती किती गुंठे, सगळं लिहून घेतात. त्यातच रिपोर्ट जोडायची सक्ती करा. सगळ्यांनाच म्हटल्यावर संशय कुणावर घ्यायचा? आणि बेळगावला हे नवीन नाही. एकेकाळी नाकोच्या, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या यादीत आपला जिल्हा जास्त लागणीच्या, 'अ' वर्गातल्या जिल्ह्यांत होता.

मच्छे फाटा:
सक्ती केल्यावर रिपोर्ट पण विकत मिळतील. उत्पन्नाचे दाखले कसे मिळतात म्हाईत हाय की सगळ्यांना.

सुई-टोचे:
मी लॅबमध्ये काम करतो. लग्नाआधीची तपासणी आमच्याकडे नवीन नाही, तिची तऱ्हा मात्र ऐका. मुलाचे वडील एकटेच येतात आणि हळू आवाजात विचारतात, "मुलीचं रक्त हिमोग्लोबिनसाठी म्हणून घ्या, त्यातच ते पण बघा. तिला सांगू नका." स्वतःच्या मुलाचं रक्त द्यायला आलेले वडील मी अजून पाहिलेले नाहीत.

दुसरं, या कागदावर तुम्ही जेवढा भरवसा ठेवताय तेवढा तो पेलत नाही. एचआयव्हीच्या साध्या झटपट चाचणीत अँटिबॉडी शोधतात. लागण होऊन थोडेच दिवस झाले असतील तर त्या दिसत नाहीत. म्हणून तीन महिन्यांनी परत या म्हणतो आम्ही. परमा (गनोरिया) आणि क्लॅमिडिया हे गुप्तरोग रक्तात सापडतच नाहीत, त्याला लघवी किंवा स्वॅब लागतो. बायकांना तर बऱ्याचदा काही त्रासच जाणवत नाही, आणि कळतं तेव्हा गर्भनलिका खराब झालेली असते. सिफिलिसचं उलटं. पेनिसिलिननं माणूस पूर्ण बरा होतो, खरं एका प्रकारची चाचणी पुढं जन्मभर पॉझिटिव्ह येऊ शकते. तुमच्या मेळाव्यातला काका तो कागद वाचणार आणि बऱ्या झालेल्या पोराला बाद करणार. तपासणी कराच. फक्त कागद घेऊन डॉक्टरकडं बसा, मेळाव्यात नको.

धाकटी वहिनी:
तुम्ही सगळे कागदाचं बोलताय. माझ्या नणंदेचं सांगते. तिसऱ्या महिन्यात दवाखान्यात नाव घालायला गेली, तिथं सगळ्या गरोदर बायकांची तपासणी होते, तशी तिची झाली. पॉझिटिव्ह. सासू म्हणाली, "माहेरून घेऊन आलीस." का? तर पहिल्यांदा कागद तिचा आला म्हणून. नवऱ्यानं स्वतःचं रक्त द्यायला पाच महिने लावले. तोवर ती घरात वेगळ्या ताटात जेवत होती.

औषधं वेळेवर चालू झाली, बाळ निगेटिव्ह आहे, आता शाळेत जातं. पण ते पाच महिने तिला कोण परत देणार? लग्नाआधी दोघांचे कागद समोरासमोर असते तर कुणाच्या तोंडाला असं बोलायला जागा नसती. मी सक्तीच्या बाजूची. काका काय वाचतो ते नंतर बघू.

कोर्टाची पायरी:
वहिनी, तुमचा राग कळतो. तरी सांगतो. लग्नाआधी चाचणी सक्तीची करायचा विचार २००६ च्या सुमारास शेजारच्या गोव्यात झाला होता. अंमलात आला नाही. १९९८ साली सुप्रीम कोर्टात एक खटला होता. एका डॉक्टरला एचआयव्ही असल्याची बातमी दवाखान्यानं बाहेर सांगितली, त्याचं लग्न मोडलं. तेव्हा निकाल दवाखान्याच्या बाजूनं गेला. पण त्यात पॉझिटिव्ह माणसाच्या लग्नाच्या हक्काबद्दल जे म्हटलं होतं त्याची गरज नव्हती, असं कोर्टानंच २००२ मध्ये स्पष्ट केलं. आता २०१७ चा एचआयव्ही-एड्सचा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. समजून दिलेल्या संमतीशिवाय चाचणी नाही. जोडीदाराला सांगायची वेळ आली तरी ते डॉक्टर किंवा समुपदेशकानं, तेही ठरलेल्या पद्धतीनं. मेळाव्याच्या कमिटीचा त्यात कुठंच नंबर लागत नाही.

आणि पॉझिटिव्ह माणसानं लग्नच करू नये हे कुणी ठरवलं? एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, फुकट मिळते. गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली राहिला, तर संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

खानापूर पॅसेंजर:
"समजून दिलेली संमती" वाचून हसू आलं. मी एका सरकारी केंद्रात गेलो होतो. संमतीचा कागद कन्नडमध्ये, समजावणारी बाई कन्नडमध्ये. मला बाजारातलं कन्नड येतं, असल्या विषयाचं येत नाही. "हौदु हौदु" (हो हो) करून सही केली. वर रांगेत गल्लीतला ओळखीचा भेटला. पुढच्या वेळी सरळ गडहिंग्लज गाठलं.

मच्छे फाटा:
घ्या, सीमाप्रश्न इथं पण आला.

खानापूर पॅसेंजर:
हस की. खरं "गेल्या तीन महिन्यांत कुणाशी संबंध आला, निरोध वापरला का" हे परक्या भाषेत सांगून बघ एकदा, मग बोल.

सुई-टोचे:
सगळीकडं तसं नाही हो. मला मराठीत नीट समजावणारी समुपदेशक माहीत आहे, तीही सरकारीच. भाषा बदलून मागा, लाजू नका. सरकारी आयसीटीसीत, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, एचआयव्हीची चाचणी फुकट होते. आधी नुसतं बोलायचं असेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन लावा, त्यालाही पैसे पडत नाहीत. बाकी गुप्तरोगांसाठी सुरक्षा क्लिनिक वेगळं असतं.

शहापूरची लेक:
बरं. मेळाव्याचा हट्ट सोडला. वहिनींचं वाचून झोप लागली नाही, आणि लॅबवाल्या दादांचा तो "हिमोग्लोबिन" वाला बाप वाचून माझं मलाच कळलं, की सक्ती केली तर सुई शेवटी पोरींनाच टोचणार. काल बहिणीनं मामीला न विचारता मुलाला स्वतः फोन केला. "दोघं मिळून जाऊया, रिपोर्ट आपल्या दोघांतच राहू दे," म्हणाली. तो म्हणाला, "विचार करून सांगतो."

मच्छे फाटा:
विचार करून? मग रिपोर्ट आलाच की तुझा.

धाकटी वहिनी:
पहिल्यांदाच तुमचं पटलं.

खानापूर पॅसेंजर:
मला नाही पटलं. मी दवाखान्याच्या गेटातनं दोनदा परत फिरलोय, आणि रिपोर्ट निगेटिव्ह आला. घाबरला असेल तो. दोन दिवस जाऊ देत, मग बहिणीला परत फोन करायला सांग. कुठल्या गावात गेलेलं चालेल, तेवढं विचार म्हणावं. निपाणीत तर तो जाणारच नाही.