ग्नोमवर माझ्या अ‍ॅपची टायटल बारच गायब, केडीईवर मात्र व्यवस्थित. चूक नक्की कोणाची?

पिक्सेलवेडा:
नमस्कार मंडळी. मी लिनक्ससाठी फोटो निवडायचं एक छोटंसं अ‍ॅप लिहितोय, दोन फोटो शेजारी शेजारी दिसतात, बाणाची की दाबली की एक राहतो एक जातो, बस एवढंच. क्यूटी, जीटीके असं कुठलंच टूलकिट (खिडक्या-बटणं तयार देणारी लायब्ररी) नाही, खिडकी थेट वेलँडशी (अ‍ॅपची खिडकी पडद्यावर आणायचा लिनक्सवरचा प्रोटोकॉल) बोलून उघडतो आणि आत ओपनजीएलने चित्र काढतो. मी स्वतः प्लाझ्मा, म्हणजे केडीईचा डेस्कटॉप, वापरतो, तिथे वर पट्टी येते, नाव येतं, बंद करायचं बटण येतं, सगळं छान. परवा एकाने लिहिलं की तुमची खिडकी हलतच नाही आणि बंद कशी करायची तेही कळत नाही. मग ग्नोम हा दुसरा डेस्कटॉप टाकून बघितला तर खरंच, नुसता उघडा चौकोन, वर काहीच नाही! सुपर की (विंडोजच्या चिन्हाची) धरून ओढला तर हलतो पण हे कोणाला माहीत असणार.

शोधायला गेलो तर याच गोष्टीवरून दोन्हीकडचे लोक वर्षानुवर्षं भांडतायत असं दिसलं. म्हणून दोन गोष्टी विचारतो. एक, मी आता काय करू? आणि दुसरी मनापासून विचारतोय, भांडण लावायला नाही, एकाच कामासाठी दोन मोठे प्रोजेक्ट, दोन टूलकिट, दोन फाइल मॅनेजर, एवढी माणसं आणि एवढे तास, हे एकत्र का येत नाहीत?

कमिटकर:
आधी पहिलं. प्रोटोकॉल बघितला तर चूक तुमच्या कोडमध्ये आहे, पण तुमच्यासारखे शेकडो जण इथेच अडखळतात म्हणून वाईट वाटून घेऊ नका. वेलँडच्या मुळात खिडकीची चौकट कोणी काढायची हे अ‍ॅपवर सोडलेलं आहे. नंतर एक्सडीजी-डेकोरेशन नावाचं वेगळं प्रोटोकॉल आलं, त्यात अ‍ॅप म्हणतं "पट्टी तूच काढ" आणि कंपोझिटर, म्हणजे सगळ्या खिडक्या पडद्यावर मांडणारा प्रोग्राम, हो म्हणतो. केडीईचा के-विन हो म्हणतो, स्वे नावाचा आणखी एक कंपोझिटर पण म्हणतो. ग्नोमचा मटर ते प्रोटोकॉल देतच नाही. तो बग नाही, ठरवून घेतलेला निर्णय आहे, त्यांचं म्हणणं की पट्टी हा अ‍ॅपचाच भाग आहे, त्यात अ‍ॅप स्वतःची बटणं, सर्च वगैरे ठेवतं, मग ती बाहेरच्याने का काढावी.

उपाय सोपा आहे, लिबडेकोर नावाची लायब्ररी वापरा. समोरचा कंपोझिटर पट्टी काढत असेल तर लिबडेकोर त्याला काढू देतं, नसेल तर स्वतः काढतं. फक्त एक लक्षात ठेवा, एक्सडीजी सरफेस आणि टॉपलेव्हल बनवायचा, म्हणजे वेलँडकडून खिडकी मागून घ्यायचा, तुमचा सगळा कोड काढून टाकावा लागेल, ते काम आता लिबडेकोर करतं. दोघांनी तेच केलं तर प्रोटोकॉल एरर येऊन अ‍ॅप तिथेच बंद पडेल.

जुनाजाणता:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी देतो, कारण हे सगळं मी चालू असताना बघितलंय. ऑक्टोबर १९९६ मध्ये माटियास एट्रिशने केडीईची घोषणा केली, तेव्हा लिनक्सवर प्रत्येक अ‍ॅप वेगळं दिसायचं, एकात कॉपी केलेलं दुसऱ्यात पेस्ट होईल याचीही खात्री नसायची. त्याने क्यूटी निवडलं कारण ते खरंच उत्तम होतं, पण ते बनवणाऱ्या ट्रोलटेक कंपनीचं तेव्हाचं लायसन्स मुक्त सॉफ्टवेअरचं नव्हतं. म्हणून ऑगस्ट १९९७ मध्ये मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोम सुरू केलं, गिंप या चित्रांच्या अ‍ॅपसाठी बनलेलं जीटीके घेऊन. म्हणजे भांडण दिसण्यावरून सुरू झालंच नव्हतं हो, पूर्ण डेस्कटॉपचा पाया एका कंपनीच्या मर्जीवर उभा असावा का यावरून झालं होतं. आणि त्या दबावाचा उपयोग झाला! १९९८ मध्ये क्यूटी मुक्त राहावं म्हणून केडीई फ्री क्यूटी फाउंडेशन झालं, २००० मध्ये क्यूटी जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आलं, २००९ मध्ये त्याहून सैल एलजीपीएलखाली. ग्नोम समोर उभं नसतं तर हे इतक्या लवकर झालं असतं असं मला बिलकुल वाटत नाही. त्यामुळे कोणी "वाया गेलेली मेहनत" म्हटलं की मला खरंच त्रास होतो.

मग कारण संपलं तेव्हा एक का झाले नाहीत? तोपर्यंत एकीकडे सी++ आणि दुसरीकडे सी मध्ये लाखो ओळी लिहून झाल्या होत्या, आणि माणसंही वेगळी घडली होती. कोड जोडता येतो एकवेळ, काय चांगलं आणि काय वाईट याची समज जोडता येत नाही.

टाइलवाली:
जुनाजाणता दादा, इतिहास बरोबर आहे पण आजचं दुखणं वेगळं आहे आणि ते झाकू नका. मी ग्नोमसाठी एक एक्स्टेंशन (वरून जोडायचा छोटा प्रोग्राम) सांभाळते, खिडक्या शेजारी शेजारी लावायचं. सप्टेंबर २०२३ ला ग्नोम ४५ आलं आणि इम्पोर्ट करायची, म्हणजे दुसरीकडचा कोड आपल्या फाइलमध्ये आणायची, पद्धतच बदलली, ४४ वर चालणारं एकही एक्स्टेंशन ४५ वर जसंच्या तसं चालेना. माझ्या प्रत्येक फाइलमधल्या वरच्या ओळी बदलल्या, मग जुन्या व्हर्जनवाल्यांसाठी कोडची वेगळी प्रत (ब्रँच) ठेवली, त्यात तीन रविवार गेले. नवीन पद्धत चांगली आहे हे मी मान्य करते, ती जावास्क्रिप्टची रीतसर मॉड्यूल पद्धत आहे, जुनी त्यांची स्वतःची होती. पण वापरणाऱ्याला ते कुठे दिसतं, त्याला एवढंच दिसतं की अपडेट केलं आणि रोजची गोष्ट गेली, आणि शिव्या मला पडतात.

आणि फाइल निवडायच्या खिडकीतले थंबनेल! २००४ पासून लोक मागत होते, मार्च २०२३ ला ग्नोम ४४ मध्ये आले. फोटोचं अ‍ॅप लिहिणाऱ्या माणसाला तर हे सगळ्यात जास्त कळेल, नुसत्या फाइलच्या नावावरून फोटो कसा निवडायचा?

शांतपडदा:
टाइलवाली, तुमच्या तीन रविवारांबद्दल खरंच वाईट वाटलं. पण मी ग्नोम वापरतो आणि कारण सांगतो. माझ्या आईच्या लॅपटॉपवर आधी प्लाझ्मा टाकला होता, तिच्या हातून पॅनेल एकदा वर गेलं, एकदा गायब झालं, घड्याळ मधोमध आलं, दर आठवड्याला फोन. ग्नोम टाकल्यापासून असा एकही फोन नाही कारण हलवण्यासारखं काही नाहीच तिथे. प्रत्येक सेटिंग म्हणजे कोणालातरी तपासावा लागणारा आणखी एक रस्ता असतो, दहा चेकबॉक्स असले तर हजारच्या वर कॉम्बिनेशन होतात, ती कोण तपासणार? केडीईला २०२२ मध्ये पंधरा मिनिटांत दिसणारे बग शोधून मारायची वेगळी मोहीम काढावी लागली ना, ती त्यांनी फार प्रामाणिकपणे राबवली आणि प्लाझ्मा ६ मध्ये फरक दिसतोच, पण ते बग साठले कशामुळे हेही बघा.

जुनाजाणता:
शांतपडदा, आईंच्या लॅपटॉपचं पटलं. पण ग्नोमची हीच सवय २०११ मध्ये महागात पडली होती हे विसरू नका. ३.० आलं आणि मिनिमाइझचं बटणसुद्धा काढून टाकलं, लोक इतके दुखावले की ग्नोम २ चा कोड उचलून माटे उभं राहिलं आणि लिनक्स मिंटवाल्यांनी सिनॅमन हा स्वतःचा डेस्कटॉप केला. केडीईनेही जानेवारी २००८ ला ४.० अर्धवट अवस्थेत सोडून तेच भोगलं, ३.५ धरून बसलेल्यांनी ट्रिनिटी काढलं. दोन्ही वेळी चूक एकच, चालत असलेलं घर पाडलं आणि लोकांना सांगितलं की नवीन होईपर्यंत इथेच राहा.

कमिटकर:
पिक्सेलवेडा, तुम्ही "एकत्र का येत नाहीत" विचारलंत, पण खालच्या मजल्यावर ते कधीच एकत्र आलेत. अ‍ॅपनी एकमेकांशी बोलायचं डी-बस दोघांचं, आणि ते केडीईच्या त्याच कामाच्या जुन्या डीकॉपवरून सुचलेलं. अक्षरांना आकार देणारं हार्फबझ दोघांचं. स्क्रीन शेअर करायला पाइपवायर दोघांचं. पोर्टल बघा, म्हणजे अ‍ॅपने डेस्कटॉपकडे काम मागायची सामाईक सोय, अ‍ॅप फक्त "फाइल निवडायची आहे" एवढंच म्हणतं, ग्नोमवर ग्नोमची खिडकी उघडते आणि प्लाझ्मावर प्लाझ्माची. तुमच्या अ‍ॅपला पोर्टलच वापरा, थंबनेलचा प्रश्नही सुटेल.

अडतं कुठे, तर जे डोळ्याला दिसतं तिथे. वेलँडच्या सामाईक प्रोटोकॉलमध्ये काही विभाग असे आहेत की एका सदस्याने ठाम नकार दिला की प्रस्ताव थांबतो. त्यामुळे चर्चा महिनोन्महिने चालतात, वाचताना जीव मेटाकुटीला येतो. पण त्याच नियमामुळे कोणी एकटा आपलं म्हणणं सगळ्यांवर लादू शकत नाही, म्हणून मी तरी त्या नियमाच्या बाजूने आहे. पट्टीच्या बाबतीत मात्र माझं स्पष्ट मत आहे की ग्नोमने निदान साधी पट्टी द्यायला हवी, स्वतःच्या अ‍ॅपसाठी नको असेल तर नको, पण उघड्या चौकोनापेक्षा काहीही बरं.

शांतपडदा:
ग्नोमवाला असून याला माझं पण अनुमोदन. इथे वापरणाऱ्याचं नुकसान होतंय.

पिक्सेलवेडा:
झालं! काल रात्री लिबडेकोर लावलं. एक्सडीजीचा माझा सगळा कोड काढला, साधारण दीडशे ओळी गेल्या. पट्टी लगेच आली पण खिडकी लहानमोठी केली की चित्र चेपत होतं, दोन तास कळेना. मी काय करत होतो तर बफर, म्हणजे चित्र काढायची मेमरीतली जागा, जुन्याच मापाचा ठेवत होतो आणि लिबडेकोरला फक्त नवीन माप कळवत होतो. आता कॉन्फिगर (माप बदलायचा निरोप) आलं की आतल्या भागाचं माप त्याच्याकडूनच मागून घेतो, आधी बफर बदलतो, मग कळवतो. दोन्हीकडे नीट चालतंय. ग्नोमवर पट्टी बाकीच्या अ‍ॅपपेक्षा किंचित वेगळी दिसते, पण हलते, बंद होते, नाव दिसतं. ज्याने तक्रार केली होती त्याला नवीन व्हर्जन पाठवलंय.

कमिटकर, पोर्टलचं आज संध्याकाळी बघतो. आणि टाइलवाली, तुमच्या एक्स्टेंशनची जुनी ब्रँच अजून सांभाळताय का? माझ्याकडे आता ग्नोम आहेच, टेस्टिंगला एक माणूस धरा.

टाइलवाली:
सांभाळतेय, आणि माणूस हवाच आहे. दोन मॉनिटर असतील तर आधी तेच बघा, दुसरा काढून परत लावला की डावीकडची खिडकी चुकीच्या जागी जाते.