एकाच पदार्थाचे दोन दावेदार: 'स्पर्धा' म्हणावं, 'चुरस' की 'कलगीतुरा'?

टिपकागद

एका मासिकासाठी लेखाचा अनुवाद करते आहे आणि शीर्षकातच अडले आहे. शेजारी देश एकाच पदार्थावर हक्क सांगतात आणि त्यावरून वर्षानुवर्षं एकमेकांना डिवचत राहतात, असा विषय. नायजेरिया आणि घानाचा जोलोफ भात, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडचा पाव्हलोव्हा, मलेशिया आणि सिंगापूरचा हैनानी चिकन राइस. भांडण आहे, पण वैर नाही. उलट जवळीक आहे म्हणूनच भांडण आहे.

मी 'मैत्रीपूर्ण लढत' लिहिलं होतं. संपादकांनी खोडून 'स्नेहपूर्ण स्पर्धा' केलं. त्यांचं म्हणणं, 'मैत्रीपूर्ण लढत' वाचलं की युतीतले दोन पक्ष एकाच मतदारसंघात समोरासमोर उभे दिसतात. ते खरंच आहे. पण 'स्पर्धा' मला पटत नाही. स्पर्धा म्हटली की निकाल आला, आणि इथे निकाल लागावा असं कुणालाच वाटत नाही.

दुसरी अडचण: पदार्थाचा 'उगम' म्हणायचं, 'मूळ' म्हणायचं की 'उत्पत्ती'? आणि दोघांच्या वाट्याच्या पदार्थाला 'सामायिक पदार्थ' हे फार कोर्टकचेरीचं वाटतं का?

कोशकिडा

'चुरस' घ्या. चुरशीत द्वेष नसतो, जोर असतो.

'ईर्षा' हाही एके काळी उत्तम शब्द होता. संस्कृतात ईर्ष्या म्हणजे मत्सर, पण मराठीत 'ईर्षेने खेळला' हे कौतुकाचं वाक्य आहे. आपल्या भाषेने त्या शब्दाचा स्वभावच पालटला. दुर्दैवाने आताच्या वाचकाला पुन्हा मत्सरच दिसतो.

आणि नेमका शब्द हवा असेल तर 'अहमहमिका'. 'मी आधी, मी आधी' हाच त्याचा अर्थ. दोन्ही देश नेमकं तेच म्हणताहेत की नाही? यापेक्षा चपखल शब्द सापडणार नाही.

रानजाई

अहमहमिका शीर्षकात आला तर वाचक पान उलटेल. माझं मत 'कलगीतुरा'ला. कलगीवाले शक्ती श्रेष्ठ म्हणतात, तुरेवाले शिव. एक फड सवाल टाकतो, दुसरा त्याला उत्तर देतो. हरण्याची भीती असते, पण समोरचा फड नसेल तर आपलंही गाणं नाही हे दोघांना ठाऊक असतं. जोलोफचं तेच आहे. घाना गप्प बसला तर नायजेरियाला कुणाला चिडवायचं उरेल?

अनुस्वार

रानजाई, कलगीतुरा सुंदर शब्द आहे, पण इथे बसत नाही. कलगी आणि तुरा यांची दैवतं वेगळी आहेत. इथे दैवत एकच आणि पुजारी दोन. शिवाय वर्तमानपत्रांनी त्या शब्दाची वाट लावली आहे. दोन नेत्यांनी एकमेकांना शिव्या दिल्या की 'कलगीतुरा रंगला'. म्हणजे संपादकांना 'मैत्रीपूर्ण लढत'बद्दल जी अडचण आहे तीच इथेही आहे.

रानजाई

वाट लावली म्हणून शब्द टाकून द्यायचे तर मग लिहायचं कशात? आपण नीट वापरला तरच तो नीट राहील.

पैलतीर

मी लागोसमध्ये नोकरीला होतो, म्हणून आधी वस्तुस्थिती: नायजेरिया आणि घाना यांची सीमा कुठेच लागत नाही. मध्ये बेनिन आहे, टोगो आहे. शीर्षकात 'शेजारी' लिहाल तर ते चूक ठरेल.

आता भाताबद्दल. आमच्या कार्यालयात एक सहकारी घानाच्या होत्या, बाकीच्या बऱ्याच नायजेरियन. दोघींकडे टोमॅटो, कांदा, मिरची हाच पाया. पण नायजेरियन घरात लांब दाण्याचा उकडा तांदूळ, कारण तो मोकळा राहतो आणि रस्सा पिऊनही मोडत नाही. घानाच्या बाई सुवासिक तांदूळच वापरायच्या, आणि उकड्या तांदळाला वास नसतो हा त्यांचा कायमचा टोमणा. त्यावर उत्तर ठरलेलं: मोठ्या पातेल्यात लाकडाच्या जाळावर शिजवलेल्या भाताला तळ लागून जो धुरकट वास चढतो, तो तुमच्या भाताला कुठे आहे? तो वास मुद्दाम आणतात बरं का. तळाला धरलेल्या त्या थराला 'खरवड' म्हणता येईल, 'करपलेला' म्हणू नका. करपलेला म्हणजे बिघडलेला. हा बिघडलेला नसतो.

वाद सुरू व्हायच्या आधी एकमेकींच्या ताटात वाढलेलं असायचं, हे मी सांगितलंच पाहिजे.

आणि खरी गंमत पुढे. 'जोलोफ' हे नाव ना नायजेरियाचं ना घानाचं. वोलोफ लोकांच्या जोलोफ राज्यावरून आलेलं ते नाव आहे, म्हणजे आजचा सेनेगल आणि गांबिया. सेनेगलचा भात म्हणजे चेबू जेन. वोलोफमध्ये चेब म्हणजे भात, जेन म्हणजे मासा. सेनेगलच्या या पाककलेला युनेस्कोने २०२१ मध्ये आपल्या वारशाच्या यादीत घेतलं. मी सेनेगलचं नाव काढलं की त्या दोघी तत्काळ एका बाजूला व्हायच्या: 'त्यांचा पदार्थ वेगळा आहे.'

उभयान्वयी

शेजारी व्हायला सीमेला सीमा लागावी लागते हे कुणी ठरवलं? ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यामध्ये टास्मान समुद्र आहे, सुमारे दोन हजार किलोमीटरचा. तरी ते शेजारीच. मला तर वाटतं 'शेजार'चं नातं 'शेज'शी आहे. शेज म्हणजे अंथरूण. अंथरुणाला अंथरूण लागेल इतकी जवळीक. ती नकाशावर मोजायची नसते.

कोशकिडा

याला कोशाचा आधार द्या. 'मला वाटतं' ही व्युत्पत्ती नव्हे. आणि तुमचीच व्युत्पत्ती मानली तर दोन हजार किलोमीटरवर अंथरुणं लागत नाहीत, म्हणजे पैलतीर बरोबर ठरतात.

उभयान्वयी

शब्द जन्मतो तिथेच थांबतो का? 'ईर्षा' फिरली ती चालली, मग 'शेजार' का नाही फिरायचा?

टिपकागद

शेजारी मी ठेवते आहे. 'उगम' की 'मूळ' याबद्दल कुणी बोलेल का? लेखात हा शब्द पुन्हा पुन्हा येतो.

अनुस्वार

याचं उत्तर पाव्हलोव्हाच्या इतिहासात आहे, म्हणून जरा विस्ताराने.

अंड्याच्या पांढऱ्याचं मेरिंग, बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, वर साय आणि फळं. नाव रशियन नर्तकी ॲना पाव्हलोव्हाचं. ती १९२६ मध्ये दोन्ही देशांत नाचून गेली, १९२९ मध्ये पुन्हा ऑस्ट्रेलियात आली. ऑस्ट्रेलियाचा दावा असा, की पर्थच्या एस्प्लनेड हॉटेलात बर्ट साक्स या आचाऱ्याने १९३५ मध्ये हा पदार्थ केला. न्यूझीलंडचं म्हणणं, आमच्याकडे त्याआधीच्या पाककृती छापलेल्या आहेत. ओटागो विद्यापीठाच्या हेलन लीच यांनी या एका पदार्थावर अख्खं पुस्तक लिहिलं, जुन्या पाककृती गोळा करून.

पण १९२७ मध्ये ज्या पदार्थाला पाव्हलोव्हा म्हटलं गेलं ती थराथरांची रंगीत जेली होती! पुढच्याच वर्षी त्याच नावाने डनेडिनमध्ये कॉफी आणि अक्रोडाची छोटी मेरिंगं झाली. म्हणजे नाव आधी जन्मलं आणि पदार्थ शोधत हिंडलं. दुसरीकडे मोठी मेरिंगं नावाशिवाय आधीपासून होतीच. आता सांगा, 'मूळ' कशाचं विचारता? नावाचं की वस्तूचं?

माझं म्हणणं इतकंच: नावाची व्युत्पत्ती असते, वस्तूचा उगम असतो. टिपकागद, लेखात हे दोन वेगळे ठेवा. 'पदार्थाची व्युत्पत्ती' असं अलीकडे सर्रास छापतात, ते वाचवत नाही.

रानजाई

'ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये.' उगाच नाही म्हणत. शोधायला गेलं की प्रत्येक नदी शंभर ओहोळांची निघते. जोलोफमधला टोमॅटो आणि मिरची दोन्ही अमेरिका खंडातली. सेनेगलमध्ये चेबू जेनला तुकडा तांदूळ वापरतात, आणि तो फ्रेंच अमलात इंडोचीनमधून येऊ लागला. म्हणून मला 'उगम' नको वाटतो. उगमाला एक जागा असते, तिथे कुंड बांधता येतं. पदार्थाला 'घडण' असते. 'जोलोफची घडण' म्हणा.

अनुस्वार

'घडण' चांगला आहे. पण दोन देश 'घडणी'वरून भांडत नाहीत. ते 'पहिला कोण' यावरूनच भांडतात. लेखकाला जे म्हणायचंय ते अनुवादकाने सुधारायचं नसतं.

कोशकिडा

म्हणूनच म्हणत होतो, अहमहमिका.

उभयान्वयी

नावावरून आठवलं. मलेशिया आणि सिंगापूर दोघंही ज्यावर हक्क सांगतात तो 'लाक्सा' हा शेवयांचा रस्सेदार पदार्थ. मला खात्री आहे हा आपला 'लक्ष' आहे. मलय भाषेत लाक्सा ही संख्याही आहे, फक्त तिकडे तिची किंमत दहा हजार. असंख्य शेवया, म्हणून लाक्सा.

कोशकिडा

संख्यावाचक शब्द संस्कृतातून गेला हे मान्य. पण पदार्थाचं नाव फारसीतल्या 'लाख्शा'वरून आलं असंही मानतात, आणि जुन्या फारसीत तो शेवयांसाठीच होता. मग शेवयांना शेवयांचं नाव मिळणं जास्त सरळ नाही का? दिसला शब्द की संस्कृताला नेऊन बांधायचा, ही सवय सोडायला हवी.

उभयान्वयी

आणि दिसला शब्द की फारसीला बांधायचा, तीही.

पैलतीर

मलेशिया-सिंगापूरच्या बाबतीत एक विसरू नका. २००९ मध्ये मलेशियाच्या पर्यटनमंत्र्यांनी लाक्सा, हैनानी चिकन राइस, बक कुट तेह हे आपले पदार्थ इतरांनी पळवले असं जाहीर म्हटलं होतं, आणि सिंगापुरात बरीच खळबळ झाली. पण हे दोन देश ९ ऑगस्ट १९६५ ला वेगळे झाले. हे पदार्थ त्याआधीचे. वाटणी होण्याआधी शिजलेलं अन्न कुणाच्या वाट्याचं हे कसं ठरवणार? आणि चिकन राइसच्या नावातच हैनान आहे, म्हणजे चीनचं बेट. तिथून आलेल्या लोकांनी तो इथे आणला आणि इथे बदलला.

टिपकागद

वाटणीचं निघालंच आहे तर: 'सामायिक' ठेवू का?

अनुस्वार

आधी रूप ठरवा. सामायिक ही जैनांची साधना. भागीदारीचा शब्द 'सामाईक'. सामाईक विहीर, सामाईक भिंत. दोन्ही रूपं छापली जातात, पण मी 'सामाईक'च लिहीन.

आणि तो कोर्टकचेरीचा असला तर असू द्या, इथे तोच अर्थ हवा आहे. सामाईक विहिरीत कुणाचा पाझर कुठला हे सांगता येत नाही, पाणी मात्र दोघांचं. कुसकुस या उत्तर आफ्रिकेतल्या रव्याच्या पदार्थाच्या बाबतीत झालं ते असंच. अल्जीरिया, मॉरितानिया, मोरोक्को आणि ट्युनिशिया या चौघांनी मिळून युनेस्कोकडे अर्ज केला आणि २०२० मध्ये कुसकुस चौघांच्या नावे यादीत गेला. एरवी कुसकुस कुणाचा यावरून मोरोक्को आणि अल्जीरिया हमरीतुमरीवर येतात. त्या चौघांनी एका कागदावर सह्या केल्या याचं मला फार मोल वाटतं.

बाकी, युनेस्कोच्या यादीत नाव आलं म्हणजे पदार्थाची मालकी मिळाली, असं जे बातम्यांत येतं ते खरं नाही. ती यादी परंपरा जपण्यासाठी आहे. दुसऱ्याचा हक्क त्याने नाहीसा होत नाही.

रानजाई

मग 'स्नेहपूर्ण' हे विशेषण तरी सगळीकडे लागतं का? ग्रीसमध्ये तीच कॉफी आधी 'तुर्की कॉफी' होती. १९७४ मध्ये तुर्कस्तानने सायप्रसमध्ये सैन्य घुसवलं, त्यानंतर ती 'ग्रीक कॉफी' झाली. कप तोच, गाळ तोच. त्या नावबदलात स्नेह नव्हता, जखम होती. आणि युक्रेनच्या बोर्श्ट सुपाची गोष्ट तर युद्धाची आहे. २०२२ मध्ये युनेस्कोने युक्रेनची बोर्श्ट शिजवण्याची परंपरा तातडीने जपण्याच्या यादीत घेतली, कारण लोक घरदार सोडून पळत होते. तिथे 'चुरस'ही चालणार नाही आणि कलगीतुरा तर नाहीच. मी माझा शब्द फक्त जोलोफ आणि पाव्हलोव्हासाठी सुचवते आहे.

टिपकागद

लेखात कॉफी आहे, एका परिच्छेदात. म्हणजे एकाच शब्दात सगळं बसवायचा हट्ट मूळ लेखकाचा आहे.

पैलतीर

मग तीन ठिकाणी तीन शब्द वापरा. वाचक कुठे मोजतोय.

कोशकिडा

अनुवादकाने असं करायचं नसतं. एक संज्ञा, एक प्रतिशब्द.

रानजाई

हे शास्त्रीय लेखनात. जेवणावरच्या लेखात नाही.

अनुस्वार

मला मघापासून खटकतंय ते वेगळंच. आपण सगळे 'पाव्हलोव्हा' लिहितो आहोत. हे नाव रशियन आहे. तो 'व' आपल्या 'व'ला पुरेसा जवळ आहे. 'व्ह' आपण इंग्रजीवरून आणला. 'पावलोवा' लिहिलं तर काय बिघडलं?

उभयान्वयी

'पावलोवा' वाचताना पावलं आठवतात. नर्तकीला शोभेल की!

कोशकिडा

पण पदार्थ रशियात झाला नाही. ज्या दोन देशांत झाला तिथे इंग्रजी बोलतात, आणि तिथला उच्चार 'व्ह'कडेच झुकतो. नर्तकीला पावलोवा म्हणा, पदार्थाला पाव्हलोव्हा.

अनुस्वार

म्हणजे एकाच ओळीत दोन वर्तनी? मुद्रितशोधक दोन्ही सारख्या करून टाकतील.

पैलतीर

बाई रशियन, तेव्हा तिच्या देशाचा उच्चार धरा. आडनावातला जोर पहिल्या अक्षरावर असतो, 'पा'वर.

कोशकिडा

जोर देवनागरीत कसा दाखवणार ते सांगा.