आईच्या झोपेसाठी सर्पगंधेची मुळी द्यावी का?

प्रश्न
माझी आई ६८ वर्षांची आहे. गेले तीन महिने ती रात्री दोननंतर जागीच असते. गावाकडच्या एका नातेवाइकांनी सर्पगंधेच्या मुळीचे चूर्ण आणून दिले असून, ते रोज रात्री चिमूटभर दुधातून द्यावे असे सांगितले आहे. आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे. झाडपाल्याचे औषध असल्याने अपाय होणार नाही, असे घरातल्या सर्वांना वाटते. मला मात्र धीर होत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १
तुमची शंका रास्त आहे, चूर्ण देऊ नका. सर्पगंधा निद्रानाश आणि उन्मादावर पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली आहे आणि तिचा गुण खरा आहे, म्हणूनच जपायला हवे. १९३१ साली गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी मानसिक विकार व उच्च रक्तदाब या दोन्हींवरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले, तर १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांवरील निष्कर्ष ब्रिटिश नियतकालिकात मांडले, आणि जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. पुढे १९५२ साली तिच्यातून रेसरपिन हे द्रव्य वेगळे करण्यात आले. हे द्रव्य मेंदूतील सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रिनॅलिन यांसारख्या संदेशवाहकांचा साठा रिकामा करते. त्यामुळे माणूस शांत होतो, रक्तदाब उतरतो, परंतु काहींना तीव्र नैराश्य येते, नाडी मंदावते, नाक चोंदते आणि जठरातील आम्ल वाढते. औषध थांबवले तरी हा परिणाम लगेच ओसरत नाही. त्यातच चिमटीने घेतलेल्या चूर्णात द्रव्य किती आहे, हे घरी कळत नाही. रक्तदाबाच्या गोळीबरोबर ते पोटात गेले, तर रात्री उठताना भोवळ येऊन पडण्याचा धोका आहे.

प्रतिसाद २
माझ्या वडिलांना असेच चूर्ण दिले होते. झोप लागली, पण महिन्याभरात ते कोणाशी बोलेनासे झाले. आम्ही ते वयोमानावर ढकलले. चूर्णाचा उल्लेख डॉक्टरांकडे करण्याचे कोणालाच सुचले नव्हते, याची खंत आजही वाटते.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. मग त्याऐवजी अश्वगंधा चालेल का?

प्रतिसाद १
ती तुलनेने सौम्य आहे, तरीही थायरॉईड, यकृताचा विकार किंवा झोपेची दुसरी गोळी असल्यास स्वतःहून सुरू करू नये. आधी आईंच्या जागरणाचे कारण शोधून घ्या: रात्री लघवीला उठावे लागते का, रक्तदाबाच्या गोळीची वेळ कोणती, मन उदास असते का, हे डॉक्टरांना सांगा आणि चूर्णाची पुडीही त्यांना दाखवा.