'सॉलिटरी रीपर'चं गाणं: भलरी म्हणावं का?

अनुवादिनी: वर्ड्‌स्वर्थच्या 'द सॉलिटरी रीपर' या, शेतात एकटीच कापणी करत गाणाऱ्या मुलीवरच्या कवितेचा पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी गद्य अनुवाद करते आहे. पहिल्या कडव्यातल्या 'मेलँकली स्ट्रेन'ला 'उदासवाणी भलरी' केलं होतं. तपासणाऱ्यांनी भलरी खोडून समासात 'कापणीगीत' लिहिलंय. शेतात कोणी 'कापणीगीत' म्हणतं का? भलरीत काय चुकलं?

खरीप_रब्बी: भलरी कापणी करताना म्हणायचं गाणं खरं, पण ती टोळीची असते. प्रत्येकाने पात, म्हणजे आपला पट्टा, धरलेली, एक जण ओळ सांगतो, बाकीचे झील धरतात, म्हणजे मागून साथ देतात, त्या ठेक्यावर विळे चालतात आणि मागे रेंगाळणारा आपोआप ओढला जातो. इथे झील धरायला कोण आहे? पहिल्या पाच ओळींत 'सिंगल', 'सॉलिटरी', 'बाय हरसेल्फ', 'अलोन' असं चार वेळा सांगितलंय. भलरी म्हटलं की वाचकाच्या डोळ्यांसमोर शेतभर माणसं उभी राहतात.

जुनापुराणा: मग ओवी म्हणा. ओवी एकटीची असते.

खरीप_रब्बी: ओवी जात्याची. तिची लय खुंटा धरून फिरवण्याची, सलग. विळ्याचं काम तुटक: डाव्या हातात मूठ धरायची, उजव्याने ओढायची, बाजूला ठेवायची, एक पाऊल पुढे. शिवाय ही बाई 'कट्स अँड बाइंड्स', म्हणजे पेंढ्याही तीच बांधते. स्कॉटलंडच्या सखल भागात टोळी कापायची आणि मागून बांधणारा वेगळा असायचा. अनुवादात नुसतं 'कापते' लिहून पुढे गेलात तर तिच्या एकटेपणातलं निम्मं कष्टाचं अंग गळतं.

लवित्र: आणि 'सोंगते' का नको? घाटावर बाजरी-गहू सोंगतात.

खरीप_रब्बी: कारण मुळात फक्त 'ग्रेन', म्हणजे धान्य, आहे, पीक सांगितलेलं नाही. सोंगणी म्हटलं की घाट आला, लाणी म्हटलं की कोकण. 'कापणे' सगळीकडे चालतं.

तिसरी_घंटा: खरी अडचण वेगळी आहे. एकाच गाण्याला कवी स्ट्रेन, नंबर्स, ले, साँग, थीम, म्युझिक अशी नावं बदलत जातो. त्याला भाषा कळत नाही, म्हणून तो 'ती काय गाते ते कोणी सांगेल का?' असं विचारतो. भलरी म्हटलंत की प्रकार ठरला, म्हणजे त्याला गाणं ओळखू आलं. मग तिसऱ्या कडव्यातल्या तर्कांना, जुन्या लढाया की रोजचं दुःख, जागाच उरत नाही. स्ट्रेनला 'सूर' पुरे. 'प्लेंटिव्ह नंबर्स'ला मात्र जपा, विद्यार्थी हमखास 'दुःखी आकडे' लिहितात. तिथे नंबर्स म्हणजे छंदोबद्ध ओळी. 'करुण चरण' बसेल.

जुनापुराणा: भाषा कळत नाही कशी? स्कॉटलंडात इंग्रजीच की.

तिसरी_घंटा: ही मुलगी हायलँड्सची, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली. तिथे गेलिक. कवीचा मित्र थॉमस विल्किन्सनच्या प्रवासवर्णनाच्या हस्तलिखितात ही एकटी कापणारी आहे आणि ती 'अर्स'मध्ये गाते असं लिहिलंय. अर्स हे तेव्हाचं गेलिकचं नाव. वर्ड्‌स्वर्थ स्कॉटलंडात हिंडला 1803 मध्ये, कविता 1805 ची, छापली 1807 मध्ये. शेवटची ओळ विल्किन्सनच्या वाक्यातून घेतल्याचं त्यानेच टीपेत सांगितलंय. त्यामुळे 'कवीने स्वतः ऐकलेलं गाणं' असं प्रस्तावनेत लिहू नका.

अनुवादिनी: हे उपयोगी आहे. चौथ्या कडव्यात दोन पाठ दिसतात, कुठला धरू?

तिसरी_घंटा: 1807 मध्ये 'आय लिसन्ड टिल आय हॅड माय फिल', म्हणजे मन भरेपर्यंत ऐकलं. 1820 मध्ये तिथे 'मोशनलेस अँड स्टिल', म्हणजे निश्चल राहून ऐकलं, असं आलं. अभ्यासक्रमात बहुधा दुसरा असतो. मला पहिला आवडतो, पण परीक्षा माझ्या आवडीवर चालत नाही.

लवित्र: एक मुद्दा राहिला. संस्कृतात लू म्हणजे कापणे, लवन म्हणजे कापणी, लवित्र म्हणजे विळा. गोव्यात आजही लुंवणी म्हणतात. तर लावणी हे मूळ कापणीचंच गाणं असणार!

खरीप_रब्बी: असणार म्हणून होत नाही. शेतातली लावणी रोपांची, कापणीच्या अगदी उलट टोकाची.

जुनापुराणा: गाण्याची लावणी लावण्यावरून. कोणालाही विचारा.

लवित्र: लावण्याचा धनी शोधायचा तर लवणापर्यंत, म्हणजे मिठापर्यंत जावं लागेल. त्यापेक्षा विळा जवळचा.

जुनापुराणा: खारट असलं तरी सुंदर आहे. विळ्याने लावणी कापू नका.

अनुवादिनी: 'उदास सूर' ठेवते आहे. 'कापणीगीत' मात्र येऊ देणार नाही. 'व्हेल प्रोफाउंड'ला 'खोल दरी' की 'गहन दरी'?

लवित्र: लावणीला 'लापनिका'वरूनही काढतात, ते बघितलंत का?