पाळण्याच्या दोरीला हात लावायचा नाही? गर्भपातानंतर बाईनं गप्पच का बसायचं?

गोदाकाठची
मागच्या पावसाळ्यात मी गर्भपात करून घेतला. नववा आठवडा होता, लेक जेमतेम दहा महिन्यांची आणि ह्यांची अंबडची नोकरी नुकतीच गेलेली. दोघांनी मिळून ठरवलं. त्याचा पश्चात्ताप मला तेव्हाही नव्हता, आजही नाही.

घरी आले त्याच संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "कुणी विचारलं तर पिशवीला सूज होती म्हणून सांग." आईचाही फोनवर तोच सूर. दुसऱ्या दिवशी पोटात कळा येत असताना ओट्याशी उभं राहून भाकऱ्या थापल्या.

महिन्याभरानं पंचवटीत नणंदेकडे बारसं होतं. बायका एकेक करून पाळण्याची दोरी ओढत होत्या. माझी पाळी आली तसं आत्येसासूबाईंनी माझं मनगट धरलं. "तू नको. आधी त्र्यंबकला जाऊन नारायण नागबळी करून घे." त्या रात्रीपासून माझी झोप उडाली. लेकीला पाजताना हात थरथरायचे, वाटायचं, माझ्या पापापायी देव हिला तर नेणार नाही ना?

1971 पासून देशात गर्भपाताचा कायदा आहे. मग घरात त्याचा उच्चारही का होऊ नये? अशा वेळी घरच्यांनी बाईला मोकळेपणानं बोलू द्यावं, रडू द्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या वाड्यातली
आत्याबाई चुकल्याच. पण सासू आणि आईला बोल लावू नकोस. मी 63 वर्षांची आहे. ऐन पंचविशीत माझी पिशवी साफ केली होती. वाड्यातल्या नळावर एका मैत्रिणीला विश्वासानं सांगितलं, तर चार दिवसांत ते माझ्या माहेरी पोचलं. वीस-बावीस वर्षांनी मुलीचं लग्न ठरत होतं, तेव्हा व्याह्यांनी तेच उकरून काढलं. तुझ्या आईनंही असं काही पाहिलं असेल. ती तुला झाकतेय गं, दाबत नाहीये.

सिडकोवाला
मला मुळात गर्भपातच पटत नाही. जीव तो जीव. ताईंना बारशात जे सोसावं लागलं ते वाईटच, पण मनाला लागलेली प्रत्येक टोचणी समाजानं लादलेली असते, हे मला मान्य नाही. काही टोचण्या आपल्या आतूनच येतात. त्यासुद्धा 'कलंक' म्हणून पुसून टाकायच्या का?

प्रसूतिगृहातली परिचारिका
सिडकोवाले दादा, टोचणी आतून येते की बाहेरून, हे पेशंटच्या उशाशी बसल्यावर कळतं. अमेरिकेत टर्नअवे नावाचा अभ्यास झाला. सुमारे हजार स्त्रियांशी पाच वर्षं बोलत राहिले. ज्यांना गर्भपात करता आला, त्यांच्यातल्या 95 टक्क्यांहून जास्त जणींना पाच वर्षांनीही निर्णय बरोबरच वाटत होता. उलट ज्यांना नाकारला गेला, त्या सुरुवातीला जास्त चिंताग्रस्त होत्या. आपल्याकडचं घर वेगळं, हे मान्य. पण मी रोज जे ऐकते ते "मी चुकले" असं नसतं, "कुणाला कळलं तर?" असं असतं.

आणखी एक. सज्ञान बाईला नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही. तरी मागतात, आणि ती बिचारी सहीसाठी हातापाया पडते. शिवाय 1994 च्या कायद्यानं बंदी आहे ती गर्भलिंगनिदानाला. लोक दोन्ही एकाच पोत्यात भरतात आणि प्रत्येक बाईकडे मुलगी पाडल्याच्या संशयानं बघतात.

ताई, झोप अजून लागत नसेल तर 14416 वर फोन करा. टेली-मानसची सरकारी सेवा आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

गोदाकाठची
मावशी, तुमचं वाचून रडू आलं. झाकणं मला समजतं. पण बाहेरच्यांपासून झाका ना, माझ्यापासून का? आई दार लावून माझ्याजवळ बसली असती तरी चाललं असतं. वाड्याला सांगा असं मी कुठं म्हणतेय?

दादा, तुमचं मत तुमच्यापाशी. पण मला लेकीच्या जिवाची भीती वाटायला लागली ती दोरी हातातून गेल्यावर. त्याआधी महिनाभर दुखत होतं, भीती नव्हती.

जुन्या वाड्यातली
दार लावून बसणं... हे मला कधी सुचलंच नाही. माझ्याजवळही कुणी बसलं नव्हतं.

सातपूरकर
आठ वर्षांपूर्वी आमच्याकडे हेच झालं. दवाखान्यातून आल्यावर मी बायकोला "आराम कर" म्हणालो आणि खाली गेलो. तिला एकटं राहायचं असेल असं वाटलं. आज हा धागा तिला वाचायला दिला. वाचून म्हणाली, "तुम्ही तेव्हा गाडी धूत होतात. दोन तास पाण्याचा आवाज येत होता."